दोन कवड्यांचं वचन

अकरावीत भूमिती श्रेढीच्या एका शाब्दिक उदाहरणात मी तीसच्या तीस पदं एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. उत्तर बरोबर आलं, गुण मिळाला शून्य. वहीत लाल शाईत शेरा होता, ‘सिग्मा कुठे?’ हा सल इतकी वर्षं टिकेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तेच उदाहरण जवळजवळ जसंच्या तसं भेटलं आणि तिथपासून मी त्याच्या मागे लागलो.

बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे वाचकांना पाठ आहेत, ते सोडून देतो. लीलावतीच्या लग्नाची, घटिकापात्रात अडकलेल्या मोत्याची गोष्टही सोडतो. ती फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरातून आपल्यापर्यंत आली आणि तिच्या गोडव्यात पुस्तकातलं गणित मात्र बुडालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भास्कराचार्यांचा (११५० साली ग्रंथ पूर्ण, वय छत्तीस) प्रश्न असा: एका दात्याने याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचं वचन दिलं. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले?

आजचा विद्यार्थी बेरजेचं चिन्ह सिग्मा काढील, खाली क बरोबर एक, वर तीस आणि पुढे ‘दोनचा क-वा घात’ लिहील. कुणी ‘दोन गुणिले दोनचा क-वा घात’ लिहील. मग क शून्यापासून एकोणतीसपर्यंत धावला पाहिजे. परीक्षेत घसरगुंडी होते ती इथेच. खाली शून्य घालून वर तीसच ठेवलं की महिना एकतीस दिवसांचा होतो आणि दात्याचं देणं दुपटीहून वर जातं. दोन टोकांची ही जाणीव सिग्मा करून देतो, हे मला मान्य आहे. पण तो फक्त प्रश्न नेटका मांडतो, बेरीज करून देत नाही. शेरा मारणाऱ्या सरांना हे सांगायचं राहून गेलं.

बेरीज करून देते ती भास्कराचार्यांची रीत. पदांच्या संख्येला ते ‘गच्छ’ म्हणतात. गच्छ सम असेल तर निम्मा करून शेजारी ‘वर्ग’ लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचं, गच्छ संपेपर्यंत. तीसचे पंधरा, वर्ग. पंधराचे चौदा, गुण. चौदाचे सात, वर्ग. सहा, गुण. तीन, वर्ग. दोन, गुण. एक, वर्ग. शून्य, गुण. आता तळापासून वर चढायचं: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. एकोणतीस गुणाकारांचं काम आठ ओळींत. यातून एक वजा करा, गुणकातून एक वजा करून आलेल्या संख्येने भागा (इथे ती एकच) आणि पहिल्या पदाने गुणा. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. एकट्या शेवटच्या दिवसाचं दान आधीच्या एकोणतीस दिवसांच्या एकूण दानापेक्षा दोन कवड्यांनी जास्त भरतं.

ही वर्ग-गुणाची पट्टी मूळची पिंगलाच्या छंदःशास्त्रातली, लघु-गुरूंचे प्रकार मोजण्यासाठीची. भास्कराचार्य ते विसरत नाहीत. श्रेढी संपताच ते अनुष्टुभाची समवृत्तं किती, असं विचारतात; याच पट्टीने २५६ येतात. आज संगणकात मोठे घात काढतात तेही याच धाटणीने.

सिग्मा बेरजेसाठी वापरायला सुरुवात केली ऑयलरने, १७५५ साली. याच ऑयलरने १७७२ साली २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. भास्कराचार्यांच्या उत्तरात एक कवडी मिळवली की ती संख्या! बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादाही तीच. २०३८ सालच्या जानेवारीत जुन्या संगणकांची घड्याळं अडणार आहेत ती याच आकड्यावर.

प्रश्न मात्र निष्कांत विचारला होता. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. हिशेब येतो १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

भास्कराचार्यांचं गाव ‘विज्जडविड’ म्हणजे नेमकं कोणतं, यावरून विजापूर, बीड, पाटण असा वाद अजून पेटता आहे. मला त्यात रस नाही. रस आहे तो चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात आहे. लेख संस्कृतात चालतो आणि शेवटी, बाजारातली देणी सांगताना, एकदम मराठीत उतरतो. ज्ञानेश्वरीच्या आधीची ही मराठी आहे. घाण्यामागे मठाला तेल द्यायचं. बाजारात जे मापायचं ते मठाच्याच मापाने मापायचं. मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.