एका सर्व्हरचे अनेक वाटेकरी

पीककर्जाच्या दिवसांत अचलपूर-परतवाड्याच्या सेवा केंद्रांपुढे सातबाऱ्यासाठी रांग लागते. डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, त्यामुळे तलाठ्याकडचा एक फेरा वाचतो. पण पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं, की केंद्रचालकाच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं : ‘सर्व्हर स्लो हाये भाऊ, बसा जरा.’ सर्व्हर अडण्याची कारणं अनेक असतात. नेट तुटतं, डेटाबेसवर ताण येतो, डिस्क भरते. सगळ्यांत फसवं कारण मात्र मेमरीचं, कारण एकाच वेळी दोन ठिकाणांहून पाहिलं तर तिचे आकडे वेगवेगळे दिसतात.

आज बहुतेक संकेतस्थळांना स्वतंत्र यंत्र नसतं. एका मोठ्या यंत्राचे अनेक भाग करून ते वाटले जातात. अचलपुरातल्या एखाद्या जुन्या वाड्यात पाच बिऱ्हाडं राहतात, तशी ही व्यवस्था. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतःची चूल असलेलं बिऱ्हाड. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, आणि आपण स्वतंत्र संगणकावर आहोत अशीच तिची समजूत. कंटेनर म्हणजे खोली वेगळी, पण चूल सामाईक. ही चूल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल.

पूर्वीच्या काही यंत्रांत मेमरीची वाटणी रचनेतच ठरलेली असायची. भारताचा ‘परम ८०००’ महासंगणक १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने उभा केला. त्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. ‘परम ८०००’मधल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला स्वतःची मेमरी होती. शेजाऱ्याची माहिती हवी असेल तर निरोप पाठवून मागावी लागे. एकाने दुसऱ्याची मेमरी खाऊन टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

आता एकाच यंत्रातली मेमरी अनेकांना वाटायची, तर हद्द सॉफ्टवेअरने आखावी लागते. लिनक्समधल्या या कामाला गूगलमध्ये २००६ साली पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी सुरुवात केली. ‘कंट्रोल ग्रुप’ ही सोय जानेवारी २००८ मध्ये कर्नलमध्ये आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेमरीचा नियंत्रक तिला जोडला गेला. हा नियंत्रक लिहिणाऱ्यांत आयबीएमचे बलबीर सिंग अग्रभागी होते. डॉकर आणि कुबरनेटीस ही कंटेनर चालवणारी साधनं आज ज्या मर्यादा लावतात, त्या याच पायावर उभ्या आहेत.

हद्द आली तरी मोजणारी साधनं जुनीच राहिली. कंटेनरमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली, तर ती सहसा त्या कंटेनरचा कोटा सांगत नाही, अख्ख्या यंत्राची मेमरी सांगते. कोटा २ जीबी, यंत्र ६४ जीबीचं. पडद्यावर ५० जीबी मोकळी दिसते आणि प्रोग्रॅम मात्र मेमरी संपल्यामुळे मारला जातो.

याच सापळ्यात जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा अडकली होती. किती मेमरी वापरायची हे सांगितलं नाही, तर जावा यंत्राच्या एकूण मेमरीचा चौथा हिस्सा आपली कमाल धरते. ६४ जीबीच्या यंत्रावर तो १६ जीबी होतो. २ जीबीच्या कंटेनरमधली जावाही हाच हिशेब करायची आणि निर्धास्तपणे वाढत जायची. कोटा ओलांडायची वेळ आली, की मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा ‘ओओएम किलर’ तिला संपवायचा. मागे उरायचा फक्त १३७ हा संकेतांक : १२८ अधिक ९, यातला ९ म्हणजे सक्तीने थांबवल्याची खूण. मार्च २०१८ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून जावा कंटेनरची हद्द स्वतः ओळखू लागली. नंतर ही सुधारणा आठव्या आवृत्तीतही नेण्यात आली.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गोंधळाची तऱ्हा वेगळी. ६४ जीबीच्या यंत्रावर प्रत्येकी १२ जीबीची आठ मशीन कबूल केली जातात. सगळी एकदम भरणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. तो चुकला तर काय करायचं, यावर व्हीएमवेअरचे कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ च्या शोधनिबंधात ‘बलून’ची युक्ती मांडली. मशीनच्या आत बसलेला एक छोटा प्रोग्रॅम मेमरी मागत सुटतो, फुग्यासारखा फुगतो, आणि त्याने अडवलेली जागा मूळ यंत्र दुसऱ्याला देतं. आतून पाहणाऱ्याला मेमरी भरलेली दिसते, पण ती खाणारा नेहमीचा प्रोग्रॅम सापडत नाही. बलूनही पुरला नाही, तर मूळ यंत्र त्या मशीनच्या मेमरीची पानं डिस्कवर टाकतं. ते तर आतून अजिबात कळत नाही, फक्त काम रखडतं. म्हणून आतली आणि बाहेरची नोंद एकाच वेळेची घेऊन शेजारी ठेवावी लागते.

‘मेमरी ९५ टक्के भरली’ हा इशाराही नेहमी खरा नसतो. लिनक्स वाचलेल्या फाइल रिकाम्या मेमरीत जपून ठेवतं आणि गरज पडताच त्यातली बरीचशी जागा सोडतं. म्हणूनच २०१४ मध्ये कर्नलने ‘उपलब्ध मेमरी’चा वेगळा अंदाज द्यायला सुरुवात केली. कुबरनेटीसही एकूण वापरातून, बरेच दिवस हात न लागलेल्या फाइलींचा भाग वजा करून मगच हिशेब धरतं.

खरा त्रास ओळखायचा तर किती भरलं यापेक्षा कोण ताटकळलं हे पाहायला हवं. फेसबुकच्या योहानेस वायनर यांनी लिहिलेली ‘प्रेशर’ मोजणी २०१८ च्या अखेरीस लिनक्समध्ये आली. मेमरीची वाट पाहण्यात कामांचा किती टक्के वेळ गेला, हे ती शेवटच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांसाठी सांगते. सेवा केंद्रातलं चक्र फिरत राहण्याशी या आकड्याचं नातं मोकळ्या मेमरीच्या आकड्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे.

मोजण्याचा वेगही महत्त्वाचा. दर मिनिटाला एकदा नोंद घेणाऱ्या व्यवस्थेला पाच सेकंदांची उसळी दिसत नाही आणि आलेख मर्यादेच्या खाली सपाट राहतो. अशी उसळी निसटली की काय होतं, ते महासंगणकांवर दिसतं. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. अशा सामाईक महासंगणकांवर संशोधकाला काम पाठवताना किती मेमरी लागेल ते आधी सांगावं लागतं. कमी सांगितली तर काम मध्येच मारलं जातं, फार जास्त सांगितली तर रांगेत थांबावं लागतं. अशा वेळी सरासरी कामाची नसते, कमाल वापर लागतो. कंट्रोल ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, लिनक्सच्या २०२२ च्या ५.१९ पासून, तो उच्चांक कर्नल स्वतः टिपून ठेवतं.

हे सगळं शिकायला महासंगणक लागत नाही. अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या साध्या लिनक्स लॅपटॉपवर २५६ एमबी मर्यादेचा कंटेनर उघडता येतो. त्याचा स्वॅप, म्हणजे मेमरीला पूरक अशी डिस्कवरची जागा, बंद ठेवायचा, आत ‘फ्री’ चालवून आकडा लिहून घ्यायचा, मग कंट्रोल ग्रुपच्या ‘मेमरी डॉट मॅक्स’ या फाइलमधला आकडा त्याच्या शेजारी लिहायचा. त्यानंतर मेमरी मागत जाणारा चार ओळींचा प्रोग्रॅम सोडायचा आणि ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’ या फाइलमधली ‘ओओएम किल’ची ओळ शून्यावरून एकवर केव्हा जाते, ते पाहायचं.