पायाखोदणी आणि पवनीची साक्ष

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा स्तूप निघाला. पवनीच्या एका स्तंभावर मुचलिंद नागराज कोरला असून त्याचे नाव ब्राह्मी लिपीत दिले आहे. बोधिप्राप्तीनंतर सात दिवस पावसापासून भगवंतांचे रक्षण करणाऱ्या या नागराजाची कथा विनयपिटकाच्या महावग्गात येते. पाली वचनास वैनगंगेच्या तीरावर मिळालेली ही साक्ष होय.

अशी साक्ष वस्तूसोबत तिच्या मातीचा थर नोंदला तरच पूर्ण होते. आंध्रातील नागार्जुनकोंडा जलाशयाखाली जाण्यापूर्वी १९५४ ते १९६० या काळात तेथे हेच कार्य झाले. घराच्या वा कालव्याच्या खोदकामावर जाणकाराने उभे राहावे, जुनी वीट दिसताच काम थांबवून खोली, थर व छायाचित्र यांची नोंद घ्यावी, यालाच पुरातत्त्वीय देखरेख म्हणतात. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

श्रद्धेने उचलून विहारात ठेवलेली वीट पूज्य ठरेल, पण मुकी होईल. म्हणून उपासक-उपासिकांस आमची विनंती आहे की, वस्तू जागेवरच राहू द्यावी आणि आधी वर्दी द्यावी.