तलाकनंतर मूल कुणाकडे? हिजानत, कोर्ट आणि पोलीस केस

नवरा-बायको वेगळे झाले की मोठ्यांचं भांडण मेहर आणि सामानावर चालतं, पण फरफट होते मुलांची. शाळेत आम्ही हे नेहमी बघतो. एक जण दाखला मागायला येतो, दुसरा सांगतो देऊ नका. म्हणून कायदा काय म्हणतो, ते समजून घेऊ.

आपल्याकडे ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलाला सांभाळण्याचा हक्क म्हणजे हिजानत, आणि तो आधी आईचा. हनफी मसलकप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. वली मात्र बाप. मूल आईकडे असलं तरी खर्च बापावरच आहे.

पण कोर्ट फक्त वय मोजत नाही. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ नुसार मुलाचं हित बघितलं जातं. मुलाचं वय, धर्म, सांभाळणाऱ्याची वागणूक आणि कुवत, सगळं तपासतात. मूल समजदार असेल तर त्याची मर्जीही विचारतात. त्यासाठी ठरावीक वय कायद्यात नाही. म्हणून "सात वर्षं झाली, आता मुलगा माझा" म्हणत शाळेच्या गेटवरून मूल उचलून नेणं चूक. तसंच आईने दुसरा निकाह केला म्हणून मूल आपोआप जात नाही.

आता पोलीस केसचं. बरेच लोक विचारतात, बापावर गुन्हा दाखल आहे, तर ताबा गेला का? एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे. दारू पिऊन गाडी चालवण्याचंच घ्या. शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एवढ्याने ताबा जाईलच असं नाही. पण रोज पिणारा, मूल मागे बसवून गाडी हाकणारा असेल, तर कोर्ट वागणूक बघणारच. आईच्या बाबतीतही हाच नियम.

अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या फॅमिली कोर्टात. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. एकदम तीन तलाक दिला असेल, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आईला मॅजिस्ट्रेटकडे ताबा आणि निर्वाह भत्ता मागता येतो. घरात मारहाण असेल, तर घरगुती हिंसाचार कायद्याखाली तात्पुरता ताबा मिळू शकतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बायांनी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

जमातीत बसून समझोता झाला तर उत्तमच. पण स्टँप पेपरवर "मुलावरचा हक्क सोडला" असं लिहून घेतलं, तरी कोर्ट त्याला बांधील नाही. समझोता करायचाच तर मूल कुठे राहील, फी कोण भरेल, दुसऱ्याला कोणत्या दिवशी भेटता येईल, हे स्पष्ट लिहा आणि कोर्टात दाखल करा. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून घेता येतो.

तोपर्यंत एवढं तरी करा: परीक्षेच्या तोंडावर मुलाची शाळा सोडवू नका.