अंगणातील बाग : आधी पाण्याचा हिशेब, मग रोपे

नांदेड-लातूरकडे घर बांधून झाले की दारापुढे चार झाडे लावण्याची हौस सर्वांनाच असते. पावसाळ्यात हौसेने रोपे येतात आणि मे महिन्यापर्यंत निम्मी वाळून जातात. हा पैसा वाया जाऊ नये म्हणून दुकानदार जसा गल्ला पाहून माल भरतो, तसे पाणी पाहून रोपे घ्यावीत, असे आमचे सांगणे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आले. अशा मुलखात बागेसाठी वेगळे पाणी मागता येत नाही. घरातल्या वापरलेल्या पाण्यावरच ती जगली पाहिजे.

वुजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून ते झाडांना चालते. घरात तीन माणसे पाच वेळा वुजू करतात आणि दर वेळी दीड लिटर पाणी लागते असे धरले, तर दिवसाला साडेबावीस लिटर होते. बारा इंची कुंडीला कडक उन्हाळ्यात दीड ते दोन लिटर पुरते. म्हणजे दहा-बारा कुंड्या सहज जगतात. वुजूच्या जागेचा पाइप गटाराऐवजी बागेतल्या टाकीकडे वळवणे हे नळकाम करणाऱ्याचे थोडक्या वेळाचे काम आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही त्यात घालावे.

झाडे काटक निवडावीत. कुंपणाला मेंदी लावावी. ती फांदीपासूनही येते आणि घरची पाने ईदला उपयोगी पडतात. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून शेवगा किंवा डाळिंब चांगले. शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडते, म्हणून तो वीजतारेपासून दूर लावावा. दाराशी मोगरा, स्वयंपाकघराच्या बाजूला कढीपत्ता, कोरफड आणि पाणी सांडते तेथे पुदिना. हिरवळीच्या लॉनचा मोह टाळावा. पाणी सर्वांत जास्त तीच पिते.

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून वाफा भिंतीला चिकटवू नये. पायाशी सतत ओल राहिली तर भिंतीला तडे जातात. निदान तीन-चार फूट अंतर ठेवावे. कुंडीत नुसती काळी माती न भरता माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळावे, तळाला भोक ठेवावे. वरून सोयाबीनचा भुसा किंवा वाळला पाला पसरला की ओल टिकते.

मांडणीचा नमुना मराठवाड्यातच आहे. औरंगाबादेतील (आजचे छत्रपती संभाजीनगर) सतराव्या शतकातला बीबी का मकबरा चारबाग पद्धतीचा आहे : वाटा आणि पाण्याचे पाट बागेचे चौकोनी भाग पाडतात. आपल्या दहा-बारा फुटांच्या अंगणातही आधी फरशीची क्रॉस वाट आखावी, चार वाफे करावेत, मध्ये पाण्याचे मडके ठेवावे. वाट आधी ठरली म्हणजे झाडांची गर्दी होत नाही आणि पाणी घालायला हात पोचतो.

जून-जुलैत चांगला पाऊस पडल्यावर लागवड करावी. पहिल्या वर्षी पाचच झाडे लावावीत. ती उन्हाळा काढतील तर पुढच्या पावसाळ्यात आणखी घ्यावीत. भांडवल हळूहळू वाढवणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.