पगारही खाणीचा, शेअरही खाणीचेच?

आमच्या नाकाडोंगरीत बचतीचा विषय निघाला की कोणीतरी विचारतोच, ‘गुरुजी, मॉइलचे शेअर घेऊ का?’ डोंगरी बुजुर्गची मॉइलची मॅंगनीजची खाण जवळच. घरटी कोणी ना कोणी खाणीत, नाहीतर खाणीवर चालणाऱ्या धंद्यात. ओळखीच्या कंपनीवर भरवसा बसणारच. तरी खाणकामगाराला मी ‘नको’ म्हणतो. कंपनीत खोट आहे म्हणून नव्हे.

375 रुपयांना विकलेला मॉइलचा शेअर डिसेंबर 2010 मध्ये बाजारात आला. पहिल्या दिवशी भाव चढला, पुढे काही वर्षांत 375 च्याही खाली गेला. मॅंगनीज मुख्यतः पोलादासाठी लागते. डोंगरीचे काही खनिज बॅटरीच्या सेललाही जाते, पण खरे गिऱ्हाईक पोलादच. पोलाद मंदावले की खनिजाचा भाव पडतो, नफा आटतो, शेअर उतरतो. त्याच महिन्यांत ओव्हरटाइम जातो, ट्रकच्या फेऱ्या घटतात, किराण्याची उधारी तुंबते. घर विकायला काढाल तर त्यालाही भाव येत नाही.

एकत्र चढणाऱ्या-पडणाऱ्या गुंतवणुकांची ही जोखीम अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये गणिताने मांडली. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दोन गुंतवणुका घ्या, दोन्हींची चढउतार 20 टक्के. त्या कायम एकत्रच हलत असतील, तर पैसे अर्धे-अर्धे वाटूनही चढउतार 20 टक्केच राहते. एकीचा दुसरीशी संबंधच नसेल, तर ती 14 टक्क्यांवर येते, आणि सरासरी परतावा तेवढाच राहतो. म्हणजे मॉइल आणि सेल, टाटा स्टील या पोलाद कंपन्या ही नावे तीन असली तरी जोखीम बरीचशी एकच.

आपल्या बांधीतला धान मात्र वेगळा. त्याचे नशीब पाऊस, तुडतुडा आणि हमीभावावर. पोलादाशी त्याचे देणेघेणे नाही. खाणीचा पगार आणि दोन एकर धान हा जोड म्हणूनच भक्कम. शेअर घ्यायचेच, तर बँका, औषधे, सॉफ्टवेअर अशा सगळ्या धंद्यांत वाटलेला इंडेक्स फंड मला बरा वाटतो. मार्च 2020 च्या कोरोनासारख्या घबराटीत मात्र सगळेच शेअर एकदम कोसळतात. त्या दिवसांत वाटणीचा फारसा उपयोग नसतो.

तेव्हा दिवाळीचा बोनस हाती आला की आधी वर्षभराचा घरखर्च पोस्टात किंवा बँकेत टाका. मग कागदावर लिहा: पगार, घर, शेत यांतले काय काय खाणीवर अवलंबून आहे. उरलेला पैसा खाणीबाहेर लावा.