कॅडन्स मोजायचा कशासाठी, आणि मोजायचा तर कशाने?

मागच्या भागात आपण टायरमधल्या हवेबद्दल बोललो, आणि त्यानंतर आलेल्या मेसेजेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न होता: कॅडन्स दाखवणारा सायकल कॉम्प्युटर घ्यावा का? साताऱ्याच्या एका काकांनी तर नीट हिशोब मांडलाय. वय ५४, यंदा २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे, घाट चढला की दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो. ग्रुपमधला एक जण म्हणतो, "काका, कॅडन्स नव्वदवर ठेवा, सगळं बरं होईल." दुसरा म्हणतो, हे सगळं पैसे काढायचं काम. काकांचा प्रश्न सरळ आहे: पैसे घालू की नको?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण भाग संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, एवढं नक्की.

कॅडन्स म्हणजे काय

कॅडन्स म्हणजे एका मिनिटात पॅडल किती वेळा पूर्ण गोल फिरलं. एकक आरपीएम. हा सायकलचा वेग नव्हे, पायांचा वेग. या दोघांना जोडतो तो गिअर.

गणित सोपं आहे. पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते. त्याला चाकाच्या परिघाने गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं. ७०० बाय २८ टायरचा परिघ साधारण २१३६ मिलिमीटर. पुढे ५० आणि मागे १७ दाते असतील तर एका फेऱ्यात ६.२८ मीटर. ८० आरपीएमला ताशी ३० किलोमीटर.

यातून एक गोष्ट लगेच निघते. तुमची सायकल बिनगिअरची असेल तर कॅडन्स सेन्सरची गरजच नाही. गिअर एकच, म्हणजे वेग बघितला की कॅडन्स कळला. समजा पुढे ४४, मागे १८ दाते आणि चाकाचा परिघ २.२ मीटर, तर ६० आरपीएमला ताशी १९ च्या थोडं वर. एकदा हिशोब करून हँडलला चिठ्ठी चिकटवा, झालं काम.

गुडघ्याचा संबंध कुठे येतो

पायातून निघणारी ताकद, म्हणजे पॉवर, ही दोन गोष्टींचा गुणाकार असते: पॅडलवर किती जोर दिला आणि ते किती वेगाने फिरवलं. तेवढीच पॉवर कमी जोर आणि जास्त फेऱ्यांतून मिळते, तशी जास्त जोर आणि कमी फेऱ्यांतूनही मिळते.

आकड्यात बघू. १५० वॅट पॉवर, १७० मिलिमीटरचा क्रँक. ६० आरपीएमला पॅडलवर सरासरी १४ किलोच्या आसपास जोर लागतो. ९० आरपीएमला साडेनऊ किलो. ही फेऱ्याची सरासरी आहे, पाय खाली जाताना प्रत्यक्ष जोर याहून बराच जास्त असतो. पण तुलना तीच राहते: कॅडन्स दीडपट, तर प्रत्येक वेळचा जोर दोन तृतीयांश.

आता काकांची ब्रेव्हे घ्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले अकरा तास सायकल चालती आहे आणि पाय ७५ आरपीएमने फिरतायत असं धरलं, तर जवळजवळ पन्नास हजार फेरे होतात. एका फेऱ्यातले चार किलो काहीच वाटत नाहीत. पन्नास हजार फेऱ्यांमध्ये वाटतात.

मग सगळ्यांनी ९० ठेवायचा का?

नाही. शर्यतीत उतरणारे लोक सपाटीवर ८० ते १०० च्या दरम्यान असतात, त्यामुळे ९० हा आकडा मंत्रासारखा फिरतोय. पण पाय नुसते फिरवायलाही शक्ती लागते. फक्त ऑक्सिजनचा खर्च मोजला तर बऱ्याचदा त्याहून कमी कॅडन्स स्वस्त पडतो. सरावलेले लोक जास्त ठेवतात कारण स्नायू उशिरा दमतात, त्याची किंमत श्वास आणि हृदय देतं. म्हणजे देवाणघेवाण आहे. पाय आधी दमतात की दम आधी लागतो, हे प्रत्येकाचं वेगळं.

ज्याचा नेहमीचा कॅडन्स ६० आहे त्याने एकदम ९० केला तर तो सीटवर उड्या मारायला लागतो. सीटवर बूड उडायला लागलं की समजा, आजची तुमची हद्द आली. तिथून पाच खाली या.

पैसे घालण्याआधी

मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, मोकळ्या सपाट रस्त्यावर कुणाला तरी शेजारून बघायला सांगा. पंधरा सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. सपाटीवर, वाऱ्याविरुद्ध आणि चढावर, असं तीनदा करा. सपाटीवर ७५–८५ आणि चढावर ६० च्या पुढे असाल, तर तुमच्या दुखण्याचं कारण बहुधा कॅडन्स नाही. आधी सीटची उंची बघा. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते किंवा गिअर जड, मागे दुखत असेल तर सीट वर. सूज असेल, जिना उतरताना दुखत असेल, तर सेन्सर नको, डॉक्टर हवा.

कशाने मोजायचं: तीन पर्याय

पहिला, वायरवाला चुंबकी कॉम्प्युटर. क्रँकवर चुंबक, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर सेन्सर. त्यात रीड स्विच असतो: काचेच्या छोट्या नळीत धातूच्या दोन पट्ट्या, चुंबक जवळ आला की चिकटतात. एक टिक म्हणजे एक फेरा. स्वस्त, टिकाऊ, सेल वर्षभर सहज जातो. कटकट एकच, अंतर. चुंबक आणि सेन्सरमध्ये काही मिलिमीटरच हवेत. सायकल भिंतीला टेकवली, सेन्सर सरकला, आकडा गायब. घेताना खोक्यावर कॅडन्स लिहिलंय का ते नक्की बघा, कारण त्याच कंपनीचं, तसंच दिसणारं, फक्त वेग मोजणारं मॉडेलही शेल्फवर असतं.

दुसरा, बिनचुंबकाचा सेन्सर. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला रबर किंवा झिपटायने बांधायचा. आत हालचाल ओळखणारी चिप असते आणि सीआर २०३२ सेल. बसवायला दोन मिनिटं. घेण्याआधी क्रँक आणि फ्रेम यांच्यामधली फट मोजा. काही सायकलींवर ती इतकी कमी असते की सेन्सर फ्रेमला घासतो.

तिसरा, पॉवर मीटर. तो कॅडन्स देतोच, पण फक्त कॅडन्ससाठी तो घेणं म्हणजे वेळ बघायला मोबाईल घेण्यासारखं आहे.

दुसऱ्या पर्यायात सिग्नल बघा. ब्लूटूथ आणि अँट प्लस, दोन्ही असलेला सेन्सर घ्या. अँट प्लस आकाशवाणीसारखं आहे, एकाच वेळी कितीही यंत्रं ऐकू शकतात. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात. म्हणून पुष्कळांची तक्रार असते की "कॉम्प्युटरला सेन्सर सापडतच नाही". खिशातल्या फोनने तो आधीच पकडलेला असतो. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून सेन्सर जोडू नका, ॲपच्या आतून जोडा. आणि तुमचं ॲप कॅडन्स सेन्सर घेतं का, ते आधीच तपासा.

आकडा येतो कसा (हा भाग माझ्या धंद्यातला)

ब्लूटूथ सेन्सर "आत्ता ८२ आरपीएम" असं पाठवतच नाही. तो दोन गोष्टी पाठवतो: आतापर्यंत एकूण किती फेरे झाले, आणि शेवटचा फेरा कधी पूर्ण झाला. वेळ मोजायची त्याची फूटपट्टी सेकंदाच्या १०२४ व्या भागाची. वजाबाकी आणि भागाकार कॉम्प्युटर करतो. वेळेचा आकडा १६ बिटांत मावतो, म्हणून दर ६४ सेकंदांनी तो परत शून्यावर येतो, रिक्षाच्या जुन्या मीटरसारखा. ॲप लिहिणाऱ्याने हे धरलं नसेल तर मधेच पडद्यावर भलताच आकडा चमकतो.

यातच आणखी एका प्रश्नाचं उत्तर आहे: पाय थांबवले तरी आकडा लगेच शून्य का होत नाही? कारण फेरा झाला की बातमी येते, फेरा न झाल्याची बातमी येत नाही. कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघतो, मग शून्य मानतो. सेन्सर बिघडलेला नसतो.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बघा: सरासरी काढताना शून्य धरायचे की सोडायचे. घाट उतरताना पाय थांबलेले असतात. ते शून्य धरले तर ८० ने चालवणाऱ्याचीही सरासरी ६० दिसते, आणि माणूस उगाच खट्टू होतो. शून्य सोडा.

वापरायचं कसं

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त बघा. दुसऱ्या आठवड्यापासून सपाटीवर एक गिअर हलका ठेवा आणि नेहमीपेक्षा पाच आरपीएम जास्त, दहा-दहा मिनिटं. जमलं की वेळ वाढवा. चढ सुरू होण्याच्या आधी गिअर उतरवा. कॅडन्स ६० च्या खाली घसरायला लागला, तर तोच गिअर बदलायचा इशारा. ५० च्या खाली जाऊन मग बदललात तर चेन कुरकुरते आणि गुडघाही.

आणि सगळ्यात हलका गिअर लावूनही कॅडन्स ४५ लाच अडकत असेल तर? तिथे दोष पायांचा नाही. समजा पुढे ३४, मागे २८, चढावर वेग ताशी ७ किलोमीटर. हिशोब करा, ४५ आरपीएमच येतो. मागे ३४ दात्यांची चकती असती तर त्याच वेगाला जवळपास ५५. कितीही जिद्द असली तरी हे गणित बदलत नाही. मेकॅनिकला विचारा, मागच्या डिरेलरला मोठी कॅसेट पेलते का.

म्हणून काका, तुम्हाला माझं सांगणं असं: आधी पंधरा सेकंद मोजा, आणि घाटात सगळ्यात हलक्या गिअरवर वेग किती राहतो तो लिहून ठेवा. त्यातून ४०–४५ निघाला, तर पहिले पैसे कॅसेटवर. गिअर आहेत पण चढावर वेळेवर बदलायचं सुचत नाही, असं असेल तर साधा सेन्सर घ्या, पैसे वसूल होतील. मोठ्या पडद्याचा, नकाशावाला कॉम्प्युटर ब्रेव्हेला रस्ता शोधायला कामाचा आहे, गुडघ्यासाठी त्याची गरज नाही.

बाकीच्यांनीही आपापले तीन आकडे पाठवा: सपाटी, वारा, चढ. सोबत पुढचे-मागचे दाते मोजून लिहा, म्हणजे पुढच्या भागात कॅसेट निवडताना तुमचेच हिशोब घेता येतील. भेटू.