सन्मानाच्या मृत्यूआधी वेदनामुक्ती

बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय कोणत्या पद्धतीने घ्यावा, हे कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निश्चित केले. त्यासाठी रुग्णालयांना दोन स्तरांवर वैद्यकीय मंडळे नेमावी लागतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२३ मध्ये कार्यपद्धती सुलभ केलेल्या हक्काला प्रशासकीय रूप देणारे हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र कर्करोगाचे असंख्य रुग्ण अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचतच नाहीत. ‘आता घरी न्या’ हे शब्द ऐकून ते गावी परततात. त्यांच्यापाशी काढून घेण्याजोगे यंत्र नसते. असते ती केवळ वेदना.

ही वेदना निव्वळ शारीरिक नसते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ अशी संकल्पना मांडली. दुखण्याच्या जोडीला धाप, न भरणारी जखम, तिच्या दुर्गंधीने येणारा संकोच, कर्जाची चिंता आणि आपल्यापासून काहीतरी लपवले जात असल्याची जाणीव, या साऱ्यांचा विचार एकत्रितपणे करणे म्हणजे परिहारक उपचार. ते आजाराच्या निदानापासूनच, मूळ उपचारांच्या बरोबरीने सुरू व्हावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. आपल्याकडे मात्र ‘सगळे संपल्यावर’च त्यांची आठवण होते.

बंगळुरूत याची उत्तम उदाहरणे आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटीची कर्नाटक शाखा आणि इंदिरानगर रोटरी क्लब यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाचे ‘करुणाश्रय’ १९९९ पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. मुंबईत वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’ त्याहूनही जुने, १९८६ चे. परंतु बेळगाव वा बिदरहून बंगळुरूच्या किडवई संस्थेत आलेला रुग्ण शेकडो किलोमीटरचा प्रवास करून घरी परतला, की पुढचा मॉर्फिनचा डोस त्याला कोण देणार?

या प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवून वसाहतकाळात प्रचंड नफा कमावला गेला. आजही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ निर्माण केले, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. अफू पिकवणाऱ्या देशातील रुग्ण अफूपासून बनणाऱ्या औषधासाठी तळमळत राहिला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी एकच परवाना पुरेसा ठरवला. कायद्यातील अडसर दूर झाला. डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्या मनातील भीती मात्र गेली नाही.

केरळने २००८ मध्येच याविषयीचे धोरण स्वीकारले. तेथे पंचायती, परिचारिका आणि प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णाच्या दारी जातात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१६ मध्ये धोरणे जाहीर केली. म्हणजे उणीव धोरणांची नाही. प्रशासनात धोरण तेव्हाच खरे ठरते, जेव्हा त्याच्या नावे पदे, औषधे आणि अंदाजपत्रकातील स्वतंत्र शीर्ष असते. प्रत्येक तालुका रुग्णालयात तोंडी मॉर्फिनचा अखंड साठा, ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, आठवड्यातून एकदा घरी जाणारी परिचारिका आणि थकलेल्या नातेवाइकांना सल्ला देणारी व्यक्ती, एवढी व्यवस्था राज्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात मॉर्फिनच्या साठ्याचा एक रकाना वाढवण्यास तर खर्चही येत नाही.

उपचार थांबवण्याचा हक्क आणि वेदनेतून सुटकेचा हक्क एकाच प्रतिष्ठेच्या दोन बाजू आहेत. दुसऱ्याची हमी नसेल, तर पहिला केवळ नाइलाज ठरतो; कारण असह्य वेदनेत घेतलेल्या निर्णयाला मुक्त निर्णय म्हणता येत नाही.